घराबाहेरची चौकशी

सोमवार, ४ मार्च

साहेब,

घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. आईचं पत्र आलं की पोटात आधी गोळा येतो, म्हणून तेवढं पहिल्यांदा सांगून टाकलं. लिहितेय तुझी ताई, बोलतेय मी. अक्षर तिचं, अक्कल माझी. ती म्हणतेय, असलं काही मी लिहिणार नाही. लिहिलंस ना गं? दाखव. दाखवून मला काय कळणार म्हणा, पण दाखव.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर मी 'अरे' म्हणेपर्यंत तू 'मीटिंग' म्हणतोस. पत्राला मीटिंग नसते. शिवाय तूच म्हणाला होतास, आई, या विषयावर फोनवर एक शब्द नको. बरं, म्हटलं. पत्रात पुष्कळ शब्द बसतात.

तुझा निरोप पोचला. आणणारा माणूस साध्या कपड्यांत होता, बूट मात्र खात्याचे. मी म्हटलं, बूट आत आणून ठेवा, नाहीतर गल्लीला कळेल. बिचारा लाजला. चहा घेतला आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, "आईसाहेबांनी एकदा ड्रायव्हरच्या घरी जाऊन यावं. काही बोलायची गरज नाही. नुसतं जाऊन यावं." आईसाहेब! जन्मात मला कुणी आईसाहेब म्हटलेलं नाही. तेव्हाच ओळखलं, काम अवघड आहे.

काय झालं ते तुला माहीत आहे, पण कुणाच्या तोंडून माहीत आहे ते मला माहीत नाही. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक. त्याची बस पोलिस ठाण्याच्या फाटकासमोर बंद पडली. बसला काही पाचपोच नसते, ती कुठेही बंद पडते. आमचा भुंगा तिथेच फौजदार. आतून कुठल्या तरी पाहुण्या साहेबाची गाडी निघायची होती. भुंगा बाहेर आला, म्हणाला, बस काढ. ड्रायव्हर म्हणाला, चालू होत नाही. मग पुढचं. त्याला आत नेलं भर दुपारी आणि सोडलं दिवे लागल्यावर. शर्टाच्या कॉलरवर रक्त, कानातून आलेलं. ठाण्याचं म्हणणं, तो बसच्या पायरीवरून पडला. त्या पायरीवरून तो माणूस इतकी वर्षं चढतो-उतरतो, वर मलाही हात धरून चढवतो. ती पायरी मी ओळखते. ती असलं काही करणार नाही.

त्याच्या बायकोनं तक्रार दिली. ती तुझ्या टेबलावर आली, कारण इकडच्या सगळ्या ठाण्यांच्या डोक्यावर तू बसलायस. आता भुंगा तुझा भाचा, ताईचा एकुलता एक, आणि माझ्या मांडीवर वाढलेला. त्याला खात्यात ओढलास तूच. ताई नको नको म्हणत होती. तेव्हापासून तुम्ही दोघं भावंडं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलता, आणि तू उंबरा चढला नाहीस. हे पत्र म्हणजे मजाच आहे. तुझ्याशी न बोलणारी बहीण तुला लिहितेय.

असल्या तक्रारी, ज्यांत माणसाला ठाण्यात जबर इजा झालीय, त्या म्हणे तुम्ही आपसात तपासायच्या नसतात. बाहेर एक स्वतंत्र आयोग आहे, खात्याशी देणंघेणं नसलेला. त्याच्याकडे पाठवायच्या. हे मला भुंगानंच सांगितलं, जेवता जेवता. "तिकडे गेली की आजी, माझी वर्दी गेली समज." पण बायकोनं तक्रार मागेच घेतली, तर किरकोळ म्हणून ती तुझ्या कपाटात झोपेल.

इथे ताईचा हात थांबला. पाणी पिऊन आली. चल, लिही.

तू मलाच का पाठवतोयस, ते मला कळतं. या गल्लीतल्या सासू-सुना, घरमालक-भाडेकरू, सगळ्यांच्या गाठी सोडवण्यात माझे केस पांढरे झाले. तेव्हा माझा पदर धरून तूच यायचास. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. कुणाच्या घरी गेले की विषय काढायचा नाही. पाणी मागायचं. पाणी छान गार आहे म्हणायचं. मग बसून राहायचं. गप्प बसलेला पाहुणा माणसाला सोसत नाही. तो आपणहून बोलायला लागतो, आणि एकदा बोलायला लागला की मिटतं.

जाईन. गुडघे नको म्हणतायत, पण त्यांना कोण विचारतो?

तुझी (आता) आईसाहेब


शनिवार, ९ मार्च

साहेब,

जाऊन आले.

ड्रायव्हरची खोली म्हणजे एक खिडकी, एक पलंग आणि बाकी सगळा शाळेचा गणवेश. त्याची बायको घरी शिवणकाम करते ना. निळ्या चड्ड्यांचा एवढा ढीग होता की वाटलं, आत्ता त्यातून पोरं बाहेर पडतील. ड्रायव्हर पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होता. बायको म्हणाली, "या आजी," आणि शिवणाच्या कामातून उठलीच नाही. तेही ठीक. मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसले.

मी हवेवर बोलले. गुडघ्यांवर बोलले. नवा ड्रायव्हर बस थांबवतो ती थांब्याच्या पुढे, म्हातारीला पळायला लावतो, यावर बोलले. समोरून हूं की चूं नाही. मानसुद्धा वळवली नाही. मला वाटलं, चढलाय माज. मनात म्हटलं, बाबा रे, रागव, तुझा हक्क आहे, पण पिकल्या केसांकडे बघून मान तरी हलव.

तेवढ्यात बायको मशीन थांबवून म्हणाली, "आजी, पलीकडच्या बाजूला बसा. त्या कानानं यांना ऐकू येत नाही."

मी स्टूल उचललं. कसं उचललं ते विचारू नकोस. पलीकडे जाऊन बसले तर ड्रायव्हर दचकला. "अरे, आजी! कधी आलात?"

इतका वेळ मी त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसले होते रे.

मग बोलला. चांगलं बोलला. कानाचा पडदा फाटलाय, आतलंही काहीतरी गेलंय, डॉक्टर म्हणतात परत येणार नाही. डेपोनं स्टिअरिंगवरून उतरवलंय. एका कानाचा माणूस बस चालवणार कशी, मागून हॉर्न कुठून आला हे कसं कळणार? बस धुवायला ठेवतो म्हणालेत. हे सगळं तो असं सांगत होता, की जणू शेजारच्या कुणाचं चाललंय. तुझ्या खात्याबद्दल चकार शब्द नाही. मी पाणी मागितलं. पाणी छान गार आहे म्हटलं. बसून राहिले. बायकोनं तीन-चार चड्ड्या शिवून टाकल्या. कुणीच विषय काढला नाही.

निघाले तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत माझं कोपर धरून आली. "उन्हाच्या कशाला आलात, आजी?"

"सहज," म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सांभाळून जा."

तो झाला बुधवार. काल तिनं तक्रार मागे घेतली. तुझा बूटवाला माणूस संध्याकाळी येऊन गेला, या वेळी चपला घालून. सुधारतोय. "साहेबांनी नमस्कार सांगितलाय, साहेब फार खूश आहेत," म्हणाला. ताई काल पहिल्यांदा सलग झोपली. घोरलीसुद्धा. हे ती लिहिणार नाही, म्हणून तिला मी सांगितलं की 'शांत झोपली' असं लिही, आणि बघते काय लिहिते ते.

मी त्या घरात तक्रारीबद्दल एक शब्द काढला नाही, हे तुला शपथेवर सांगते. तरी माझीच झोप उडालीय. वयाचं असेल.

एक विचारायचं होतं. त्याला त्या कानानं ऐकू येत नाही, हे तुला माहीत होतं का? तक्रारीत असणारच की. मला पाठवलंस तेव्हा तेवढं सांगितलं असतंस, तर मी आधीच बरोबर बाजूला बसले असते.

ताई म्हणतेय, "आई, झालं ना आता? कशाला उकरून काढतेस?" बरं बाई. थांबते.

आई


गुरुवार, १४ मार्च

साहेब,

अक्षर बदललं म्हणून चमकू नकोस. अक्षरच नाही, छापलेलं आहे. वरच्या मजल्यावरचे टायपिस्टभाऊ, कोर्टातून रिटायर झालेले, त्यांच्या खोलीत बसून सांगतेय. ते प्रत्येक वाक्यात 'सदर' घालायला बघतात. सदर भुंगा, सदर ड्रायव्हर. मी सांगितलं, हा माझा मुलगा आहे, न्यायाधीश नाही. त्यांच्या मशीनचा आवाज अख्ख्या गल्लीत जातो, तेव्हा आई तुला काहीतरी कळवतेय एवढं आता सगळ्यांना कळलंय. काय ते कळलं नाही, पण लावतील ते अंदाज.

ताई का लिहीत नाही, ते सांगते.

परवा भुंगा जेवायला आला. हल्ली खुशीत आहे. तक्रार गेली म्हणून शीळ घालत जिना चढला. ताईनं ताट वाढलं. मी समोर बसले आणि विचारलं, "किती मारल्यास?"

"काय किती?"

"मी भाजीबद्दल नाही विचारत."

त्यानं आईकडे बघितलं. ताई भांड्यांकडे बघायला लागली. मग तो म्हणाला, "एकच, आजी. एकच कानाखाली. आता तू सांग, लहानपणी तू मला किती दिल्यास?"

"पुष्कळ. पण नंतर तुला रात्र पडेपर्यंत कोंडून ठेवला नाही. आणि तुझा बाप विचारायला आला, तेव्हा पायरीवरून पडला म्हणाले नाही."

"तो हसला, आजी! फाटकावरचे दोघं बघतायत, आत साहेबांची गाडी हॉर्न मारतेय, आणि हा हसतोय."

"तुला?"

"मला काय माहीत कुणाला!"

"मग मी सांगते. चावी फिरवली आणि ती बस खोकली, की तो हसतोच. मी चढले की मलाही म्हणतो, बघा आजी, तुमची मैत्रीण उठली."

भुंगाचा घास हातातच राहिला. लहानपणी काही फुटलं की असाच उभा राहायचा, हातात अर्धी वस्तू धरून.  तरी विचारलं, "रक्त येत होतं, तर दवाखान्यात का नाही नेलं?"

"नेलं असतं तर नोंद झाली असती."

पाणी हवंय का विचारल्यावर नको म्हणावं, इतकं सरळ म्हणाला. मग हात धुतला आणि जाताना म्हणाला, "मामा म्हणालाय, तू गप्प बस, मी बघतो. तूही गप्प बस ना, आजी. तुला जमतं की ते."

ताईला मी हे सगळं लिहायला सांगत होते. 'नोंद झाली असती' इथवर तिनं लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं. "आई, मी हे माझ्या हातानं लिहिणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. खरंच बरोबर आहे तिचं. कागद तिनं फाडला नाही, माझ्या हातात दिला, हेही लक्षात ठेव.

आता टायपिस्टभाऊंनी सांगितलेलं ऐक. आयुष्यभर कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं टाईप केलंय त्यांनी, थोडं अंगाला लागलंय. ते म्हणतात, बाईनं तक्रार मागे घेतली तरी कान मागे घेता येत नाही. जबर इजा असली तर साहेबानं प्रकरण आयोगाकडे पाठवायचंच, तक्रार असो वा नसो. आणि आरोप ज्याच्यावर आहे तो साहेबाचा भाचा असेल, तर साहेबानं त्या कागदाला बोटसुद्धा लावायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचा.

हे तुला माहीत नाही असं नाही. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला फक्त एवढं सांगायचंय, की आता मलाही माहीत आहे.

पाठव ते प्रकरण. भुंगाचं काय व्हायचं ते होऊ दे, असं मी म्हणत नाही. मला ते म्हणवत नाही. पण जे व्हायचं ते आपल्या घरातल्या कुणी ठरवू नये.

आई
(सदर पत्र वाचून दाखवले, मान्य असल्याचे सांगितले. हे भाऊंचं. राहू दे, त्यांना बरं वाटतं.)


मंगळवार, १९ मार्च

साहेब,

फोन केलास. मला नाही, ताईला. इतक्या दिवसांनी बहीणभावाचं बोलणं झालं, तेवढी तरी या प्रकरणाची कमाई. आत बसून मी ताईचं बोलणं ऐकलं. "आईला आवर," म्हणालास म्हणे. मला! ताई हसली असती, पण सध्या ती हसायच्या परिस्थितीत नाही.

मग मला फोनवर घेतलंस. फोनवर एक शब्द नको म्हणणारा तू, घटकाभर बोललास. "घरातल्या घरात बघू, आई. भुंगाची लांब बदली करतो. ड्रायव्हरला कानाचं यंत्र घेऊन देतो, चांगल्यातलं. डेपोत शब्द टाकतो. आयोगात गेलं तर वर्ष-दीड वर्ष चालेल, सगळ्यांचे हाल, त्या ड्रायव्हरचेही." आवाज किती थकलाय रे तुझा. मधे एकदा वाटलं, जाऊ दे, म्हणावं हो.

फोनवर मला सुचलं नाही, आता सांगते. मारणारा तुझा भाचा. चौकशी करणारा तू. ज्याला मारलं त्याच्याकडे जाऊन बसणारी तुझी आई. अरे, मग त्या ड्रायव्हरच्या बाजूनं त्या खोलीत कोण होतं? तू चांगला आहेस, म्हणून काय झालं? चांगल्या माणसानंही आपल्याच ताटात आपणच वाढून घ्यायचं नसतं. म्हणून तर लांबचे, कुणाचेच नसलेले लोक बसवलेत ना तिथे?

काल मी परत गेले. या वेळी योग्य बाजूला बसले. आणि जन्मात पहिल्यांदा विषय मी काढला. ड्रायव्हर डेपोत गेला होता, बस धुवायला. बायको काजं करत होती.

मी म्हटलं, "तक्रार का मागे घेतलीस? मी तर काहीच बोलले नव्हते."

"म्हणूनच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं दोरा दातांनी तोडला. "तुम्ही आलात, आजी. इतक्या उन्हाच्या, असे पाय घेऊन. बसलात. काही बोलला नाहीत. मला वाटलं, यांना तोंडानं मागायला लागू नये. बरं दिसत नाही ते. तुमच्या तोंडून ऐकलं असतं, तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. पण तुम्ही काही म्हणालाच नाहीत, तर नाही कशाला म्हणू?"

मी बसून राहिले. या वेळी पद्धत म्हणून नाही, उठता येईना म्हणून.

"आणि हे म्हणाले," ती पुढे म्हणाली, "आता कुठे जायचं? कुणाचंही काही झालं की आपण आजींकडे जातो. आणि आजीच तिकडून आल्या."

साहेब, हे तुझ्या कुठल्या कागदावर नाही. म्हणून कळवतेय.

मी तिला म्हटलं, परत दे तक्रार, या वेळी साहेबाकडे नको, थेट आयोगाकडे. ती नको म्हणाली. "आम्हांला इथेच राहायचंय, आजी. तुमचे फौजदार रोज या रस्त्यानं जातात." मी आग्रह केला नाही. मी त्या घरात पुरेसा आग्रह केलेला आहे, न बोलता.

पण टायपिस्टभाऊ म्हणाले, आयोगाला कुणीही कळवू शकतं. ज्याला मार बसला त्यानंच कळवावं असं काही नाही. ज्याला माहीत आहे त्यानं. आणि मला माहीत आहे.

मी सांगितलं, त्यांनी टाईप केलं. एकही 'सदर' काढायला लावला नाही मी, तिकडे चालतं म्हणाले. फाटकापासून कोंडून ठेवण्यापर्यंत सगळं, भुंगा जेवताना जे बोलला ते, आणि मी ड्रायव्हरकडे गेले होते, तेही. भाऊंनी पाकीट हातात धरून विचारलं, "आजी, टाकू ना पेटीत?" जिन्यात एकदा, दारात एकदा. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी त्यांना म्हटलं, तुम्ही कोर्टात होतात की लग्न लावायला?

टाकलं.

ताईला मी आधी सांगितलं होतं, नंतर नाही. आधी. ती म्हणाली, "मला कशाला सांगितलंस? मला हे कळायलाच नको होतं." तेव्हापासून बोलत नाही. माझं ताट मात्र वेळेवर झाकून ठेवते.

आई


रविवार, २४ मार्च

बाळा,

साहेब म्हणायचं आज सुचत नाही.

आयोगातून फोन आला. एक बाई होती. आवाजावरून वय कळेना, पण घाई नव्हती आवाजात, हे लगेच कळलं. माझं म्हणणं परत एकदा वाचून दाखवलं, माझंच आहे ना विचारलं. मी म्हटलं, 'सदर' सोडून सगळं माझं. हसली नाही. मग वाटलं, हसायची तिला परवानगी नसावी. येत्या गुरुवारी ती आणि आणखी एकजण घरी येणार आहेत, माझं बोलणं लिहून घ्यायला. मी म्हटलं, या, चहा टाकते. ती म्हणाली, आम्ही पाणीसुद्धा स्वतःचं आणतो, आजी. बघ, असे लोक असतात. मला आधी रागच आला, माझ्या घरी येऊन पाणी घेणार नाही म्हणजे काय! मग बसल्या बसल्या वाटलं, बरंच आहे. माझ्या पाण्यानं आजवर काय काय मिटलंय ते मला माहीत आहे.

ड्रायव्हरच्या घरी तोवर जाऊ नका, असं तिनं बजावलंय. तुला लिहू नका असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

भुंगा काल आला होता, कपडे न्यायला. पोलिस लाइनमध्ये मित्राकडे राहतोय. बॅग भरली, आईच्या पाया पडला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गाल बसलेत. "आजी, तू माझी आजी आहेस की त्यांची?"

मी म्हटलं, "तुझी. त्यांच्या आजीनं एवढा उशीर लावला नसता."

बॅग उचलली. गेला. ताई खिडकीत उभी राहून तो वळेपर्यंत बघत होती. मग माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "तुरुंगात जाईल का तो?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. वर्दी जाईल, एवढं वाटतं. त्याच्या आईला माझ्याकडून यापेक्षा बरं उत्तर हवं होतं, पण माझ्याकडे नव्हतं. मी तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं मला बाजूला हो म्हटलं नाही.

आता तुझं.

त्या पाकिटात मी सगळं घातलं, एक सोडून. मी ड्रायव्हरकडे गेले होते, एवढंच सांगितलं. कुणी पाठवलं ते सांगितलं नाही. टायपिस्टभाऊंनी मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, ते पुढे गेले. तुला वाचवायला असं केलं, म्हणायला हरकत नाही. पण गुरुवारी ती बाई समोर बसून विचारणार आहे. तिचं काम तिला येतं, हे फोनवरच कळलं. "आजी, तुम्ही आपणहून गेलात का?" हाच तिचा पहिला प्रश्न असेल. मी असते तर हाच विचारला असता.

मी खोटं बोलणार नाही. बोलता येतं मला, पुष्कळ बोललेय, पण या वयात ते सांभाळत बसायला अंगात बळ नाही. मी सांगणार, मुलानं पाठवलं. बूट सांगणार, आईसाहेब सांगणार, 'काही बोलायची गरज नाही' हेही सांगणार.

त्याआधी तुझ्याकडे तीन दिवस आहेत. हे पत्र मी पोस्टानं पाठवत नाहीये, तुझ्याच चपलावाल्या माणसाच्या हाती देतेय. तो मुद्दाम आलाय बघ, मी काय करतेय ते बघायला. बिचाऱ्याला वाटलं मला कळलं नाही. त्याला म्हटलं, आलायस तर काम कर.

ते प्रकरण तू आपल्या हातानं पाठव. वर एक ओळ लिही, की तो माझा भाचा आहे, आणि मी माझ्या आईला त्यांच्या घरी पाठवलं होतं. बस एवढंच. तुला काय शिक्षा होईल ती होईल. मी तुझ्याकडे येऊन राहीन, हवं तर. स्वयंपाक येतो मला अजून, चव येत नाही तो भाग वेगळा.

नाही लिहिलंस, तरी तू माझा मुलगाच राहशील. याची धमकी मी देत नाहीये. उलट तीच पंचाईत आहे.

गुरुवारी ती विचारेल. मी लगेच उत्तर देणार नाही. गुडघा चोळीन, पदर सारखा करीन, खिडकीकडे बघीन. म्हाताऱ्या माणसाला तेवढी सवलत असते. तेवढ्यात तिनं हातातले कागद खाली ठेवून म्हणावं, "राहू दे आजी, ते आम्हांला साहेबांनी आधीच कळवलंय."

एवढं ऐकायला मी थांबेन. जमेल तितकं थांबेन.

मग सांगेन.

आई